साठेक लिनक्स सर्व्हरवर एकच स्क्रिप्ट एकदम चालवायची आहे. बॅशचा लूप पुरेल की अँसिबल (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळायचं साधन) शिकावंच लागेल?

पुरेल. पण सहसा पहिला सुचतो तो लूप नाही. होस्टची यादी फाइलमध्ये, व्हाइल-रीडने एकेक ओळ उचलायची आणि आत एसएसएच (दुसऱ्या मशीनला जोडून तिथे कमांड चालवणारा प्रोग्राम): हा लूप पहिल्या मशीनवर काम करून गुपचूप संपतो. एरर नाही, एक्झिट कोडही शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. एसएसएच आपला स्टँडर्ड इनपुट पलीकडे पाठवायला वाचत बसतो आणि लूपच्या आत तो इनपुट म्हणजे तुमचीच यादी. उरलेली एकोणसाठ नावं पहिल्याच फेरीत गिळली जातात. उपाय अर्ध्या मिनिटाचा: एसएसएचला ‘एन’ स्विच द्या, म्हणजे इनपुट डेव्ह-नलमधून, म्हणजे रिकामाच, येतो.

तरीही हा लूप एकामागून एकच चालणार. एकदम चालवायचं तर लोक एक्सआर्ग्सला (यादीतल्या नावांवर दिलेली कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘पी’ स्विच देतात, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण यावरून माझा जुना वाद आहे.

जोडणी झाली नाही की एसएसएच २५५ परत करतो. एक्सआर्ग्सच्या लेखी २५५ म्हणजे ‘आता पुढचं काही सुरू करू नकोस’. यादीतलं सतरावं मशीन बंद असेल, तर तोवर सुरू न झालेल्या मशीनना कुणी शिवतच नाही. एक्सआर्ग्स एक ओळ छापतो आणि १२४ देऊन बाहेर पडतो. साठ मशीनच्या आउटपुटच्या भाऊगर्दीत ती ओळ कुणाला दिसते? यावर समोरच्याचं म्हणणं असं की मशीन बंद होतं त्यात स्क्रिप्टचा काय दोष. अहो, बंद एकच होतं, स्क्रिप्ट न चाललेली कितीतरी!

म्हणून एक्सआर्ग्स आणि एसएसएचच्या मधे चार ओळींची रॅपर स्क्रिप्ट ठेवा. ती होस्टचं नाव घेते, एसएसएच चालवते, आउटपुट त्या नावाच्या लॉग फाइलमध्ये टाकते, एक्झिट कोड त्याच नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिते, आणि स्वतः कायम शून्य परत करते. शेवटी कोडच्या फाइली मोजा. शून्य म्हणजे झालं. २५५ म्हणजे बहुधा पोचलोच नाही. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे पोचलो पण स्क्रिप्ट पडली. आणि फाइलच नाही म्हणजे सुरुवातच झाली नाही. हा चौथा ढीग लॉग चाळून कधीच सापडत नाही, यादीशी ताडूनच सापडतो.

रॅपरमधल्या एसएसएचला बॅचमोड येस द्या, नाहीतर एखादं मशीन पासवर्ड विचारत ताटकळेल. कनेक्टटाइमआउट ५ पुरे, पण तो फक्त जोडणीपुरता. स्क्रिप्टच अडकली तर त्यासाठी टाइमआउट कमांड पलीकडच्या मशीनवर लावा, कारण इकडचा एसएसएच मारला तरी तिकडची स्क्रिप्ट चालूच राहू शकते.

स्क्रिप्ट आधी कॉपी करत बसायची नसेल, तर ‘बॅश -एस’ला ती इनपुटमधून पाजता येते. तेव्हा मात्र ‘एन’ देऊ नका, पलीकडे रिकामी स्क्रिप्ट जाईल आणि कोड शून्य येईल. शिवाय स्क्रिप्टमधल्या एखाद्या कमांडने इनपुट वाचला तर ती स्क्रिप्टच्या पुढच्या ओळीच खाऊन टाकते. तीच खोड, दुसऱ्या टोकाला. सगळी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये गुंडाळून अगदी शेवटच्या ओळीत ते फंक्शन बोलवा. मग पूर्ण मजकूर वाचून झाल्याशिवाय बॅश काही चालवत नाही.

एकावेळी किती? दहाच्या आत राहा, विशेषतः सगळी मशीनं एकाच जंप होस्टमागे (ज्यातून वाट जाते त्या मधल्या सर्व्हरमागे) असतील तर. एसएसएचडीचं (सर्व्हरवर एसएसएच जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रामचं) मॅक्सस्टार्टअप्स मुळात १०:३०:१०० असतं: लॉगिन पूर्ण न झालेल्या जोडण्या १० झाल्या की नवीन जोडण्यांपैकी ३० टक्के तो नाकारायला लागतो. मग दर वेळी वेगळ्याच मशीनवर २५५ येतो आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या घालता.

अँसिबलचं म्हणाल तर वरचा हिशेब ते फुकट देतं. शेवटच्या गोषवाऱ्यात अनरीचेबल आणि फेल्ड वेगळे दाखवतं, आणि एक होस्ट पडला म्हणून बाकीचे सोडत नाही. त्याचं स्क्रिप्ट मॉड्यूल तुमची आहे ती फाइल तशीच चालवतं, त्याला पलीकडे पायथनही लागत नाही. फोर्क्स, म्हणजे एकावेळी किती मशीन, मुळात ५ असतात, म्हणून साठ मशीनना रटाळ वाटतं. तो आकडा वाढवा. महिन्यातून एकदाच चालवायचं असेल तर रॅपर पुरे, रोजचं काम असेल तर शिकून घ्या.

हो, एक राहिलं. पहिल्यांदा एकाच मशीनवर चालवा, तेही दोनदा. दुसऱ्या खेपेला काही बिघडलं तर अर्धवट राहिलेल्यांवर पुन्हा चालवायची सोय संपली. आणि स्क्रिप्टच्या शेवटी रीबूट असेल तर जोडणी तुटून सगळं नीट होऊनही २५५ येऊ शकतो. तिथे थेट रीबूट न लिहिता शटडाउनला ‘आर’ आणि ‘+१’ द्या, म्हणजे मिनिटभराने मशीन बसेल आणि तोवर कोड तुमच्या हातात आलेला असेल.