ग्रेप की रिपग्रेप: सरसकट उत्तर नाही

तुमचा प्रश्न असा, की उबुंटू नुकतंच टाकलंय, तर ग्रेप (फायलींमधला मजकूर शोधणारी), फाइंड (फायली शोधणारी), आयएफकॉन्फिग (नेटवर्कची माहिती दाखवणारी) या जुन्या कमांड शिकत बसू की थेट त्यांच्या नव्या जोडीदारांना, म्हणजे रिपग्रेप, एफडी, आयपी यांनाच हात घालू? या तिन्ही जोड्या एका मापाने मोजू नका.

आयएफकॉन्फिग सोडून द्या. ते ज्या नेट-टूल्स पॅकेजात येतं, ते डेबियनने (उबुंटू ज्यावर बेतलंय त्या लिनक्सने) 2017 च्या स्ट्रेच आवृत्तीपासून मूळ इन्स्टॉलमधून काढलं. शिवाय आयपी कमांडने एकाच नेटवर्क कार्डाला लेबल न लावता दुसरा पत्ता दिला, तर आयएफकॉन्फिगला तो दिसतच नाही. इथे जुनं खरोखरच मागे पडलंय.

ग्रेपचं तसं नाही. ते 1973 च्या युनिक्समधलं, आणि आजही कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करा, हजर असतं. रिपग्रेप 2016 चं, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, आणि सुसाट आहे यात वाद नाही. पण त्यातला बराचसा वेग न शोधण्यातून येतो: लपलेल्या (नावाआधी टिंब असलेल्या), बायनरी (साधा मजकूर नसलेल्या) आणि गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फायली ते मुकाट्याने वगळतं.

मला याचा फटका बसलाय. प्रोग्राम 8081 पोर्ट कुठून उचलतोय ते कळेना. 'आरजी 8081' मारलं (आरजी ही रिपग्रेपची कमांड), काहीच नाही. अर्धा तास डोकं फोडल्यावर ग्रेप -आरएन चालवलं आणि लगेच सापडलं: '.एन्व्ह' ही सेटिंग्जची फाइल. नावाआधी टिंब, वर गिटइग्नोरमध्ये नोंद! तेव्हापासून काही सापडलं नाही की आधी 'आरजी -यूयू' लावून बघतो, म्हणजे लपलेल्या आणि गिटइग्नोरमधल्या फायलीही शोधल्या जातात.

आणि कृपा करून ग्रेपच्या नावाने रिपग्रेपचा एलियस (टोपणनाव, म्हणजे ग्रेप टाइप केलं की रिपग्रेप चालणं) करू नका. ग्रेपमध्ये -आर म्हणजे आतल्या फोल्डरांतही शोध. रिपग्रेपमध्ये म्हणजे 'बदलून दाखव'. सवयीने -आरएन टाइप केलंत, तर सापडलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी स्क्रीनवर नुसता 'एन' दिसेल. फाइल शाबूत राहते, पण तेवढ्यात जीव अर्धा होतो.

एफडी मी हाताने शोधताना रोज वापरतो, फाइंडची ती वाक्यरचना मला अजून पाठ नाही. मात्र उबुंटूवर ते 'एफडीफाइंड' नावाने येतं, तसंच फाइल रंगीत दाखवणारं बॅट 'बॅटकॅट' नावाने. नाव सगळीकडे एकच नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) फाइंड आणि ग्रेपच. तोच न्याय पॅकेज टाकणाऱ्या एपीटी आणि जुन्या एपीटी-गेट या कमांडना: एपीटी स्क्रिप्टमध्ये वापरलं तर तेच इशारा देतं, की माझं रूप स्थिर नाही.

आज रात्री ग्रेपचे -आर, -एन (ओळीचा क्रमांक), -आय (लहान-मोठी अक्षरं सारखीच) आणि -व्ही (न जुळणाऱ्या ओळी) एवढेच चार पर्याय हाताखालून घाला. रिपग्रेप उद्या टाका.