माळ्यावरची चिनी माती

प्रश्न : माळा रिकामा करताना आजेसासूबाईंच्या लोणच्याच्या तीन मोठ्या बरण्या निघाल्या. एकीवर बाहेरून पांढरी भुकटी येते. पुसली तरी आठ दिवसांत परत दिसते. बुरशी असेल का? घासून पुन्हा वापरता येतील का? (वाचक, वाई)

उत्तर : भुकटीवर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर ते मीठ. झिलईला केसासारखे तडे गेले की लोणच्याचा खार आत मुरतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हे मीठ पाणी धरते आणि हवा कोरडी झाली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. प्रत्येक पावसाळ्यानंतर ते झिलई आतून थोडी थोडी उचलत राहतात. म्हणून नुसते पुसून भागणार नाही.

आधी बोटाच्या पेराने बरणी वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. चीर असेल, झिलईचे पापुद्रे सुटत असतील किंवा जुना जोड दिसत असेल तर ती भिजवू नका, मऊ ब्रशने कोरडीच झाडून ठेवा. धड असेल तर टबात जुना टॉवेल अंथरून बरणी आतबाहेर बुडेल इतक्या साध्या, गार पाण्यात ठेवा. पाणी रोज बदला. चार-पाच दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक थेंब स्वच्छ काचेवर वाळू द्या. पांढरे कडे उमटले तर मीठ अजून निघते आहे, आणखी भिजवा. नंतर झाकण काढून निदान दोन आठवडे सावलीत वाळवा. उन्हात ठेवू नका.

चिंच, व्हिनेगर, फरशी धुण्याचे ॲसिड, ब्लीच यांतले काहीही लावू नका. ब्लीच तर मागे क्षारच ठेवून जाते, म्हणजे ज्याच्याशी झगडतो आहोत त्यातच भर. उकळते पाणीही नको, एका दणक्यात तडा वाढतो. तेलाचा खवट वास राहिला तर बरणी महिनाभर उघडी ठेवा. सोडा चोळायचा मोह आवरा.

या बरणीत आता लोणचे घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेच मीठ त्याच वाटेने पुन्हा आत जाईल. उरलेल्या दोघींची आतली झिलई टॉर्चच्या उजेडात तपासा. सलग असेल तर त्यात अख्खे धने, सुकी आमसुले ठेवता येतील. उचलताना मात्र कान किंवा गळा धरू नका, बुडाखाली दोन्ही हात घाला.

प्रश्न : बशांच्या मागे स्फिंक्सचे चित्र आणि ‘मास्ट्रिख्ट’ असा शिक्का आहे. किती जुन्या असतील? एक दुभंगली आहे. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मास्ट्रिख्ट हे हॉलंडमधले गाव. पेत्रुस रेगू यांनी तिथे १८३६ मध्ये भांडी बनवायला सुरुवात केली आणि स्फिंक्स ही त्याच कारखान्याची खूण. शिक्का अनेकदा बदलत गेला, त्यामुळे नेमका काळ ठरवायला त्यातले प्रत्येक अक्षर महत्त्वाचे. तिरप्या उजेडात स्वच्छ फोटो काढा. एक ढोबळ खूण सांगतो : अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केल्यावर ते शिक्क्यांत सर्रास दिसू लागले, आणि ‘मेड इन’ हे शब्द बहुतेक वेळा विसाव्या शतकातले असतात.

दुभंगलेली बशी झटपट गोंदाने चिकटवू नका. जोड जरा सरकला तरी तो नीट सोडवून पुन्हा बसवणे जिकिरीचे. जुन्या वस्तूंचे जतन करणारे पॅरालॉइड बी-७२ हा ॲक्रिलिक गोंद वापरतात, तो ॲसिटोनने परत सुटतो. तोवर दोन्ही तुकडे वेगवेगळ्या सुती फडक्यांत गुंडाळा. कडा एकमेकींवर घासल्या की जोड कायमचा उघडा दिसतो. जुन्या रंगीत बशांत शिसे असू शकते, म्हणून त्यांत आंबट पदार्थ वाढू नका.

प्रश्न : अशा जुन्या बरण्या-बशा अमेरिकेतल्या मुलीला पाठवता येतील? (वाचक, पुणे)

उत्तर : शंभर वर्षांहून जुन्या असतील तर नाही. १९७२ च्या कायद्याने पुरावशेष, म्हणजे अशा जुन्या वस्तू, खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत. त्याहून नव्या वाटत असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला आधी घ्या, मगच पेटी भरा.