चार पिल्लं, गोळ्यांची डबी आणि गांडुळं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही साताऱ्याचे. पाचवीतल्या लेकीने माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये ॲक्सोलॉटल, म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला मेक्सिकोतला उभयचर प्राणी, पाहिलं आणि हट्ट धरला, म्हणून अडीच-तीन सेंटिमीटरची चार पिल्लं आणलीत. दुकानदाराने सोबत खाद्याच्या गोळ्यांची डबी दिली, पण चार दिवस झाले तरी पिल्लं गोळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. आता तुम्हाला वयानुसार काय खायला घालायचं याचा तक्ता हवा आहे.

तक्ता मी देणार नाही. मी सांगलीत विश्रामबागेला राहते. 2022 साली पाच पिल्लांपासून सुरुवात केली तेव्हा मीही असाच एक तक्ता फ्रिजवर चिकटवला होता, आणि त्याच्या नादाने निम्मी चुकीची कामं केली. एकाच दिवशी अंड्यातून निघालेली दोन पिल्लं दीड महिन्यानंतर एक दोन सेंटिमीटरचं आणि एक चार सेंटिमीटरचं असू शकतं. त्यामुळे वय विचारू नका. पिल्लाचं डोकं किती रुंद आहे आणि समोरचा घास हलतोय का, एवढंच बघा. घास दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. आणि तुमच्या पिल्लांएवढ्या आकाराला तो हललाच पाहिजे.

गोळ्या का खात नाहीत ते यातच आलं. ॲक्सोलॉटलची नजर अधूच असते. लहानपणी ती पाण्यातल्या हालचालीवर झडप घालतात. नाकासमोर काहीतरी वळवळलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं, एवढीच त्यांची शिकार. चावणं नाही, चघळणं नाही. तळाशी गप पडलेली गोळी त्यांच्या लेखी खडा असते. वासावरून अन्न ओळखायला ती शिकतात, पण साधारण पाच सेंटिमीटरच्या पुढे. त्याआधी डबीतली गोळी फक्त पाणी नासवते. तुमच्या टाकीत चार दिवसांच्या गोळ्या फुगून पडल्या असतील, तर आधी त्या काढा.

आता खरं खाणं. अगदी लहान, म्हणजे अंड्यातून नुकत्याच आलेल्या सेंटिमीटरभर पिल्लांना पहिले दोन-तीन दिवस काहीच लागत नाही, पोटातला बलक पुरतो. त्यानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची बारीक पिल्लं. तुमची पिल्लं त्या टप्प्याच्या पुढे आली आहेत, पण उपाशी आहेत आणि चार आहेत, म्हणून सुरुवात आर्टेमियानेच करा. मत्स्यालयाच्या दुकानात याची अंडी मिळतात, बारीक तपकिरी भुकटीसारखी. लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, म्हणजे पोह्यांचे दोन सपाट चमचे. तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली बूच लावून उलटी टांगायची, हवेच्या पंपाची नळी तळापर्यंत सोडायची, अर्धा चमचा अंडी टाकायची आणि वर दिवा लावायचा. 26 ते 28 अंशांना चोवीस ते छत्तीस तासांत आर्टेमियाची पिल्लं निघतात. साताऱ्याच्या थंडीत जास्त वेळ लागेल, तेव्हा बाटली स्वयंपाकघरात ठेवा. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी ठिपके खाली जमतात. ते सलाइनच्या नळीने ओढून तलम सुती रुमालातून गाळायचे आणि गोड्या पाण्याने धुवायचे. धुणं विसरू नका, मीठ टाकीत जायला नको. टरफलंही जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत.

दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. आर्टेमिया जन्मल्यावर लगेच जितका पौष्टिक असतो तितका दुसऱ्या दिवशी नसतो, कारण तो स्वतःचाच साठा खाऊन संपवतो. म्हणून मी दोन बाटल्या एक दिवस आड लावायचे, म्हणजे रोज ताजा माल. आणि गोड्या पाण्यात तो काही तासांतच मरतो, मग सडतो. खाऊ घातल्यावर पिल्लांची पोटं नारिंगी दिसू लागली की तासाभराने उरलेलं ड्रॉपरने उचलायचं. हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, लेकीचा अभ्यास कोण घेणार? खरं आहे. पहिला महिना माझ्याही घरात पोळ्या बाहेरून आल्या.

डाफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसवं, हे दुसरं उत्तम खाणं. तीन सेंटिमीटरच्या पिल्लाला आर्टेमिया चिल्लर वाटू लागतो, तेव्हा डाफ्निया बरोबर बसतो. शिवाय तो गोड्या पाण्यातलाच असल्यामुळे खाऊन उरला तरी टाकीत जिवंत राहतो, सडत नाही. गच्चीवर टबात पाणी हिरवं होऊ द्यायचं आणि त्यात दुकानातून आणलेला मूठभर डाफ्निया सोडायचा. मात्र टबाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा. माझ्याकडे ते नव्हतं. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी तपासायला येणाऱ्या ताई आल्या, टबात डासांच्या अळ्या बघितल्या आणि सगळा टब मोरीत उपडा केला. माझं तीन आठवड्यांचं पीक गेलं, पण ताईंची काही चूक नव्हती. डासांच्या अळ्याच खाऊ घालाव्यात असं कुणी सुचवेल. पिल्लं त्या आवडीने खातातही, पण घरात डास पैदा करण्यापर्यंत कुणी जाऊ नये. उघड्या डबक्यातून आणल्या तर त्या पाण्यात अळीनाशक पडलेलं असू शकतं, ते वेगळंच.

आता गांडूळ. ॲक्सोलॉटलसाठी गांडुळाइतकं पुरतं अन्न दुसरं नाही. कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं, जोडीला कॅल्शियम, आणि वळवळ फुकट. मोठी झाल्यावर नुसत्या गांडुळांवर ती वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. आपल्या भागात तर गावोगाव गांडूळखताचे बेड आहेत, त्यामुळे मला वाटलं आपला प्रश्न सुटला. सासरे, म्हणजे मामा, तासगावकडे असतात आणि त्यांची द्राक्षबाग आहे. पावसाळ्यात गेले तेव्हा बागेतली टपोरी गांडुळं उकरायला बसले. मामांनी अडवलं. म्हणाले, "बागंतली दानवं न्हेऊ नगंस. दरसाली मोरचूद मारतोय तितं, ते मातीतनं जातंय कुठं?" दानवं म्हणजे गांडुळं आणि मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. मोरचूद आणि चुना कालवून फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं मातीच्या वरच्या थरात साठत जातं आणि ती माती खाणाऱ्या गांडुळातही उतरतं. ॲक्सोलॉटलची कातडी उघडी, कल्ले उघडे, तांब्याचा त्यांना थोडाही डोस झेपत नाही. मी जीवशास्त्र शिकवते, आणि हे मला शेतकऱ्याने सांगावं लागलं. तेव्हा द्राक्षबाग, फवारणीची भाजी, रस्त्याकडेची माती, इथली गांडुळं नकोत.

मग मामांच्या खताच्या बेडमधली आणली, तर दुसरीच गंमत. पिल्लांनी तोंडात घेतली आणि थुंकली. पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. मला वाटलं आजारी पडली, घाबरून सगळं पाणी बदललं, दोन रात्री झोप नाही. आजार काही नव्हता. खताच्या बेडमध्ये साधारण दोन जाती असतात. एक बारीक, लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेली, आयसेनिया फेटिडा. तिला डिवचलं की पिवळसर, घाणेरड्या वासाचा पाझर सुटतो, आणि तो बहुतेक ॲक्सोलॉटलना सोसत नाही. दुसरी जाडसर, तपकिरी-जांभळी, उजेडात निळसर चमकणारी, युड्रिलस, जिला आपल्याकडे आफ्रिकन गांडूळ म्हणतात. ती माझी सगळी पिल्लं मुकाट खातात. शिवाय तिला आपलं उबदार हवामान मानवतं. बेडवाल्याकडून घेताना हातावर घ्या, बोटाने जरा दाबा आणि वास घ्या. पिवळं पाणी सुटलं तर परत ठेवा. शंभरेक आणून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर नारळाच्या काथ्यात ठेवली आणि भाजीची देठं टाकत राहिलं की तिथेच वाढतात. टाकीत देण्याआधी एक-दोन दिवस नुसत्या ओल्या कागदात ठेवायची, म्हणजे पोटातली माती निघून जाते.

तुमच्या पिल्लांना अख्खं गांडूळ अर्थातच नाही. सगळ्यात लहान गांडूळ घ्या, जुन्या कात्रीने शेवयांच्या तुकड्यांएवढे बारीक तुकडे करा, धुवा. तुकडेही थोडा वेळ वळवळतात, तेच आपल्याला हवं असतं. एक तुकडा प्लॅस्टिकच्या बोथट चिमट्यात धरून पिल्लाच्या नाकासमोर हलकेच हलवायचा. पहिल्या दिवशी चारातलं एखादंच खाईल. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी सगळी चिमट्याकडे तोंड करून बसली होती. याच सवयीवर पुढे गोळ्याही शिकवता येतात. पिल्लू सहा-सात सेंटिमीटरचं झालं की गोळी चिमट्यात धरून तशीच हलवा. गोळी बुडणारी, मऊ आणि 40 टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेली हवी. गोल्डफिशच्या तरंगणाऱ्या गोळ्या धान्य-वनस्पतींनी भरलेल्या असतात, आणि हा प्राणी पूर्ण मांसाहारी आहे.

गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, बदल म्हणून चांगले, पण रोजचं जेवण म्हणून अपुरे. आमच्याकडे त्यांची अडचण पोषणाची नव्हती, श्रावणाची होती. फ्रिजरमध्ये आम्रखंडाशेजारी अळ्यांचं पाकीट बघून आत्याबाईंनी महिनाभर फ्रिजला हात लावला नाही. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातले बारीक लाल किडे, मात्र मी घेत नाही. ते गटारा-नाल्याच्या गाळातून गोळा केलेले असतात, सोबत काय येईल सांगता येत नाही. छोटे मासे खाऊ घालणंही नको. गप्पी रोगराई आणतात आणि उलट पिल्लांचेच कल्ले कुरतडतात, आणि गोल्डफिशच्या मांसातला एक घटक ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतो. कोंबडी, मटण, उकडलेल्या अंड्याचा बलक, पनीर, सगळ्यावर काट. आणि घाटावर माशांना चुरमुरे टाकायची आपली सवय घरातल्या पाहुण्यांना टाकीपाशी विसरायला सांगा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती आजच करायची आहे. चारही पिल्लं वेगळी करा. दोन सेंटिमीटरच्या पुढे ती हलणारं काहीही ओढतात, आणि भावाचा पाय हलतो. उपाशी असताना तर हमखास. माझ्या पाचातल्या एकाचा पुढचा पाय असाच गेला. महिना-सव्वा महिन्यात बोटांसकट नवा आला, ते बघायला मी वर्गातली मुलं घरी आणली होती, पण डोकं आत गेलं तर काही परत येत नाही. आइस्क्रीमचे चार डबे पुरतात. तळाला वाळू-खडे नकोत, घासाबरोबर तेही पोटात जातात. रोज सगळं पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरिन काढल्याशिवाय वापरू नका. या आकाराला दिवसातून दोनदा खाऊ घाला, सात-आठ सेंटिमीटरला एकदा, आणि वीसेक सेंटिमीटरची झाली की आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. पोट डोक्याइतकं रुंद दिसलं की खाणं बरोबर चाललंय.

आणि जिवंत, हलणारा, योग्य मापाचा घास समोर असूनही खात नसतील, तर दोष खाण्यात शोधू नका, पाण्यात शोधा. 16 ते 18 अंश त्यांना मानवतात, 20 च्या वर कुरकूर सुरू होते, 24 ला जीव धोक्यात येतो. साताऱ्यातली थंडी सोसेल, एप्रिल-मे नाही. गोठवलेल्या बाटल्या पाण्यात सोडून मी पहिला उन्हाळा काढला, दुसऱ्या उन्हाळ्याआधी चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, घेतला. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड कालव्यांतला हा जीव, त्याला आपला वैशाख कळत नाही.

कागदपत्रांचंही बघा. ॲक्सोलॉटल साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडून पावती घेऊन ठेवा.

आज रात्रीपुरतं म्हणाल, तर आर्टेमिया उद्या-परवाच तयार होईल. घरात कुंडी असेल आणि तिला कधी औषध मारलेलं नसेल, तर माती उकरून एक बारकं गांडूळ शोधा, वास बघा, तुकडे करा. चिमटा लेकीच्या हातात द्या. तुमच्यापेक्षा तिचा हात जास्त स्थिर असेल.