भावा, गुडघ्याआधी डोकं सांभाळ

गुडघ्याच्या लिगामेंटचं, म्हणजे हाडं जोडून ठेवणाऱ्या पट्ट्याचं, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले नाहीत आणि म्हणतोस, 'संपलं सगळं'. दमानं घे. माझा डावा गुडघा शाहू स्टेडियमवर गेला, तेव्हा महिनाभर मीही कुणाचा फोन उचलला नव्हता. चिडचिड, रडू, झोप उडणं हे दुखापतीबरोबरच येतं. तू कच्चा आहेस म्हणून नाही.

सध्या एवढंच धर:

– परतायची तारीख मोजू नकोस. मैदानात यायला साधारण 9 ते 12 महिने लागतात. आज गुडघा किती वाकला तेवढं वहीत लिही. माझ्या वहीत एका पानावर 'जिना काठीशिवाय उतरलो' एवढंच आहे, खाली तीन रेघा मारून.
– टीमच्या पोरांपासून तुटू नकोस. कुबड्या घेऊन का होईना, मॅच बघायला जा. पहिल्या दिवशी पोटात कालवतं, मग जमतं.

चुका दोन, पण सगळेच करतात. दुखायचं थांबलं की बरं झालं असं वाटतं. ऑपरेशनात बसवलेलं नवं लिगामेंट मुरायला त्यानंतरही महिने जातात. दुसरी तुलना. 'अमका सहा महिन्यांत खेळला' असं रंकाळ्यावर कुणीतरी ऐकवणारच. ऐकून सोड.

पाय टाकायची भीती फिजिओपासून लपवू नकोस, ती सगळ्यात शेवटी जाते. दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, तर डॉक्टरांना सांग. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

धावणं, उड्या आत्ता विचारू नकोस. कुबड्या सुटल्या की सांगतो.