ऑपरेशनच्या वेळी औषध देऊन हृदय थांबवतात, म्हणजे नेमकं काय करतात? आणि ते परत सुरू झालं नाही तर?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा महाधमनीचा व्हॉल्व्ह गळतोय, तो बदलायचाय. सर्जन सहज म्हणून गेले, "औषध देऊन हार्ट थांबवू", आणि तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही. मी परफ्यूजनिस्ट आहे. ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन, म्हणजे आमच्या भाषेत 'पंप', चालवायचं आणि हृदय थांबवणारं हे औषध द्यायचं, हेच माझं काम. त्यामुळे रोज काय बघतो तेच सांगतो.

आधी आईंना एवढं सांगा की हृदय थांबवण्यापूर्वी त्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलेलं असतं. हेपरिन देऊन रक्त गोठणार नाही अशी सोय करतात. मग उजव्या कप्प्यातून जाड नळीने अशुद्ध रक्त मशीनमध्ये येतं, तिथे त्यात प्राणवायू मिसळतो आणि दुसऱ्या नळीने ते परत महाधमनीत जातं. मोठ्या माणसात मिनिटाला साधारण चार ते पाच लिटर. मेंदू, किडनी, लिव्हर यांना वरच्या मजल्यावर काय गडबड चाललीय याचा पत्ताही नसतो. हे सुरळीत चालल्याशिवाय कोणी हृदयाला हात लावत नाही.

मग सर्जन महाधमनीवर एक चिमटा लावतो. त्याला क्रॉस क्लॅम्प म्हणतात. या क्लॅम्पमुळे शरीराला रक्त मिळत राहतं, पण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना, करोनरींना, मिळत नाही. खरी घड्याळाची टिकटिक इथून सुरू होते. उपाशी हृदय धडधडत राहिलं तर थोड्याच वेळात त्याची शिल्लक संपते. म्हणून त्याला लगेच थांबवायचं.

हे औषध, कार्डिओप्लेजिया (आमच्या तोंडी नुसतं 'प्लेजिया'), मुख्यतः पोटॅशियमचं असतं. आमच्या रक्तात पोटॅशियम लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल. प्लेजियात ते साधारण 15 ते 30 पर्यंत नेलेलं असतं. एवढ्याशा फरकाने हृदय कसं थांबतं? फ्लशची टाकी आठवा. एकदा दांडी दाबली की टाकी भरेपर्यंत कितीही दाबा, पाणी येत नाही. हृदयाच्या पेशीचंही तसंच आहे. प्रत्येक ठोक्यानंतर तिला विजेच्या हिशेबाने पुन्हा 'भरून' यावं लागतं, आणि पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडं, या फरकावर ती भरते. बाहेरचं पोटॅशियम वाढवलं की टाकी अर्धवटच भरून अडकते. पुढचा ठोका पडतच नाही. शिवाय हृदय थांबतं ते सैल अवस्थेत, आवळलेल्या मुठीसारखं नाही, आणि आम्हाला तेच हवं असतं.

(शहाळ्याच्या पाण्यात आमच्या द्रावणापेक्षाही जास्त पोटॅशियम असतं. मग शहाळं पिऊन हृदय का थांबत नाही? कारण ते पोटातून हळूहळू जातं आणि चांगली किडनी ते बाहेर टाकते. किडनीच्या पेशंटला शहाळं बंद करतात ते याचसाठी.)

हल्ली बऱ्याच ठिकाणी 'डेल निडो' नावाचं प्लेजियाचं द्रावण वापरतात. पेद्रो डेल निडो या सर्जनने पिट्सबर्गला असताना लहान मुलांच्या ऑपरेशनसाठी ते बनवलं, नंतर मोठ्यांनाही देऊ लागले. त्यात पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियम, मॅनिटॉल, सोडा बायकार्ब आणि लिडोकेन असतं. हो, दातवाला हिरडी बधिर करायला टोचतो तेच लिडोकेन. चार भाग द्रावण आणि एक भाग पेशंटचंच रक्त. वजनाच्या किलोला 20 मिली, पण मोठ्यांना साधारण लिटरच्या वर नाही. एका डोसवर तास-दीड तास निघतो. जुनं 'सेंट थॉमस' द्रावण असेल तर दर वीस मिनिटांनी पुन्हा द्यावं लागतं, आणि वेळ झाली की मी मोठ्याने ओरडतो, "सर, ट्वेंटी मिनिट्स!" सर्जन टाका अर्धवट सोडून हात बाजूला घेतो. कधी कुरकुरतो.

द्रावण चार अंशांच्या आसपास थंड केलेलं असतं. ते आत जाऊ लागलं की मॉनिटरवरच्या रेघा रुंद होतात, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं, आणि अर्ध्या-एक मिनिटात रेघ सपाट. इतर कुठल्याही खोलीत सपाट रेघ दिसली की पळापळ होते, आमच्याकडे मात्र सगळे निवांत होतात. थांबलेल्या हृदयाची प्राणवायूची भूक धडधडत्या हृदयापेक्षा सुमारे 90 टक्क्यांनी कमी असते, थंडीने आणखी थोडी. आम्ही तेवढीच सवलत मिळवलेली असते.

ही अक्कल सहजासहजी आलेली नाही. 1955 मध्ये लंडनमध्ये मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेट वापरून हृदय थांबवलं होतं. थांबलं छान, पण प्रमाण फार तीव्र होतं आणि स्नायूलाच इजा होऊ लागली. सर्जनांनी कल्पनाच सोडून दिली. मग कित्येक वर्षं कुठे नुसतं गार करून, कुठे क्लॅम्प लावून-काढून काम भागवत. 1972 मध्ये अमेरिकेत डेंटन कूली यांनी 'स्टोन हार्ट'चं वर्णन केलं, म्हणजे ऑपरेशन उत्तम झालंय पण हृदय दगडासारखं आवळून बसलंय आणि सुटतच नाही. 1973 मध्ये गे आणि एबर्ट यांनी दाखवलं की पोटॅशियम वाईट नव्हतं, मात्रा जास्त होती. त्यानंतर लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या लोकांनी ते प्रमाण नीट बसवलं. मला विचाराल तर या धंद्यातली सगळी हुशारी मात्रेत आहे. थांबवणं कोणीही करेल.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक खास गोष्ट आहे, म्हणून माझा जुना किस्सा सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. पेशंटच्या इकोमध्ये महाधमनीच्या व्हॉल्व्हची गळती 'किरकोळ' लिहिलेली. मी नेहमीप्रमाणे महाधमनीच्या मुळाशी प्लेजिया सोडला. निम्मा डोस गेला तरी रेघ सपाट होईना, आणि मुळाशी दाबही येईना. माझ्या हाताला घाम. सर्जनने हृदयाखाली तळवा घातला आणि म्हणाला, "फुगतंय. बंद कर." गळक्या व्हॉल्व्हमधून माझं सगळं द्रावण करोनरीत जाण्याऐवजी डाव्या कप्प्यात जात होतं. त्याने कप्पा रिकामा केला, महाधमनी उघडली आणि दोन्ही करोनरींच्या तोंडाशी बारीक नळी धरून थेट प्लेजिया दिला. थोड्याच वेळात सपाट.

तुमच्या वडिलांची गळती आधीपासून माहीत आहे. त्यामुळे त्यांना बहुधा अशाच थेट पद्धतीने देतील, किंवा हृदयाच्या मागच्या बाजूच्या शिरेतून उलट दिशेने. दोन्ही रोजच्याच पद्धती आहेत.

आता मुख्य भीती, परत सुरू होण्याची. सुरू करायला वेगळं औषध लागत नाही. नवा व्हॉल्व्ह बसला, आतली हवा काढली की क्लॅम्प निघतो. कोमट रक्त करोनरीत शिरतं, पोटॅशियम धुऊन नेतं, आणि टाकी पुन्हा भरू लागते. आधी एखादा आळसावलेला ठोका, मग दुसरा. कधी नुसतं थरथरतं, पिशवीत किडे वळवळावेत तसं. मग चमच्यासारखी दोन पॅडल्स थेट हृदयावर धरून 10 ते 20 जूलचा हलका शॉक देतात. ठोके मंद असतील तर तात्पुरत्या पेसमेकरच्या तारा लावतात. अशक्त हृदयाला कधी पंपाचा आधार जास्त वेळ लागतो, कधी बलूनचा, म्हणजे महाधमनीत ठेवलेल्या, ठोक्यांच्या तालावर फुगणाऱ्या फुग्याचा. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण तो बहुतेक वेळा हृदय आधीच किती थकलंय यावर असतो. तो आकडा तुमच्या सर्जनला विचारा, वडिलांचा इको त्यांच्यासमोर आहे.

त्या दिवशी बाहेर बाकड्यावर बसाल तेव्हा आतून कोणी आलं तर "ऑपरेशन झालं का" असं विचारू नका. त्याला "चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. "क्लॅम्प निघाला का?" विचारा. हो म्हणाले, तर हृदयात त्याचं स्वतःचं रक्त पुन्हा खेळायला लागलंय. तासाभराने विचारा, "पंपावरून उतरले का?" त्यालाही हो आलं, तर आईंना चहा प्यायला घेऊन जा. टाके घालायला अजून बराच वेळ लागतो.