‘मॅडम, पळणं सोडू काय?’

पन्नाशीतली माणसं गुडघा दुखतो म्हणून समुपदेशकाकडे येत नाहीत. ती येतात झोप लागत नाही म्हणून, चिडचिड वाढली म्हणून, नाहीतर बायकोने हाताला धरून आणलं म्हणून. इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग हळूच बाहेर पडतं की दहा-दहा वर्षं पहाटे उठून पळणाऱ्या या माणसाचा वेग उतरलाय आणि ते दुःख सांगायला त्याला जागाच नाही. मित्राला सांगावं तर तो म्हणतो, ‘तुला काय ऑलिम्पिकला जायचंय?’ डॉक्टर म्हणतात, ‘मग चाला की.’ हौशी माणसाचं दुःखही लोक हौशीच समजतात.

‘वय झालं, आता पळणं सोडू का?’ हा प्रश्न मला बेळगावात इतक्यांदा विचारला गेलाय की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे अण्णा म्हणू. वय ५३, उद्यमबागेत छोटं मशीन शॉप. त्रेचाळिसाव्या वर्षी पळायला सुरुवात केली. आधी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फेऱ्या, मग राजहंसगडाचा चढ, मग वेंगुर्ला रोडने हिंडलगा, सुळगा, बाची करत थेट शिनोळीपर्यंत. ‘कर्नाटकात बूट बांधायचे, महाराष्ट्रात चहा प्यायचा आणि परत यायचं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेचाळिसाव्या वर्षी मुंबईत अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं, त्यांनी एक तास बावन्न मिनिटांत संपवली. यंदा त्याच अंतराला दोन तास अकरा मिनिटं लागली.

त्यानंतर न्याहारीला इडली खाताना पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एका पोराने हसत म्हटलं, ‘अण्णा, आता वॉकिंगवाल्यांच्यात जावा की.’ पोरगं वाईट नाही. त्याला पळायची सवय अण्णांनीच लावलेली. पण अण्णा ग्रुपमधून बाहेर पडले, शॉपमध्ये कामगारांवर खेकसू लागले आणि खानापूरला पुतण्याच्या लग्नाला गेलेच नाहीत, कारण त्या रविवारी त्यांना ‘टायमिंग दुरुस्त करायचं’ होतं. वहिनी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या त्या या लग्नावरून.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना पळण्याची वही आणायला सांगितली. अशी माणसं वही ठेवतात, आणि बोलण्यात जे येत नाही ते वहीत असतं. अण्णांची वही म्हणजे शॉपमधलं जुनं इन्स्पेक्शन रजिस्टर. तारीख, अंतर, वेळ, पाऊस होता-नव्हता. आधीच्या दिवसापेक्षा वेळ जास्त लागला की आकड्याभोवती लाल गोल; रिजेक्ट झालेल्या जॉबला, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागाला, करतात तसा. सुरुवातीची पानं निळी होती. गेल्या दीड-दोन वर्षांची पानं लालच लाल. आणि त्या पानांच्या समासात बारीक अक्षरात ठिकठिकाणी ‘गो.’ लिहिलेलं.

‘हे गो. काय आहे अण्णा?’

ते वहिनींकडे न बघता म्हणाले, ‘गोळी.’

लांब पळायच्या आधी वेदनाशामक गोळी. वहिनींना हे तिथे, माझ्यासमोर कळलं. ‘गुडघा सुजतोय ते मला शॉपच्या माणसाकडून कळलं, आणि हे आज इथे,’ एवढंच त्या बोलल्या.

या गोळ्यांबद्दल इथे थांबून सांगायला हवं, कारण हे करणारे अण्णा एकटे नाहीत. पळताना घामाने पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीची गोळी ते आणखी कमी करते. शिवाय दुखणं ही शरीराची बोलण्याची एकच रीत आहे, तीच बंद होते. मी डॉक्टर नाही, म्हणून अण्णांना गोळ्यांसकट, वहीसकट डॉक्टरांकडे पाठवलं. छातीत दाब येणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, चक्कर येणं, नेहमीच्या चढाला अचानक जास्त धाप लागणं, असलं काही असेल तर समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अण्णांच्या हृदयाच्या तपासण्या ठीक आल्या. गुडघ्याच्या एमआरआयमध्ये मात्र गादी फाटल्याचं, म्हणजे मेनिस्कस झिजून चिरल्याचं दिसलं. आधीच्या एका डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकून ‘पळणं कायमचं बंद’ असं सांगून टाकलं होतं, आणि अण्णांनी तो कागद घडी करून पाकिटात घालून ठेवला होता. निकालपत्रासारखा. एमआरआय वाचून घाबरणाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या सर्वसामान्य लोकांचे गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची मेनिस्कस फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे पन्नाशीनंतर फोटोत काहीतरी दिसणारच. ते दिसलं म्हणजे पळणं संपलं असं नाही, आणि दिसलं तरी काही होत नाही असंही नाही. गुडघा अडकतो का, सुजतो का, जिना उतरताना दगा देतो का, हे बघून ठरवायचं असतं. दुसऱ्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने ते बघितलं. सहा आठवडे पळणं बंद, मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करायचे, मग थोडं थोडं.

आता मुद्द्याचं. आमच्या क्षेत्रात ‘मर्यादा मान्य करा’ हे वाक्य फार स्वस्त झालंय. मला ते लगेच उच्चारायला आवडत नाही. ज्याला मर्यादा म्हणतोय ती खरंच मर्यादा आहे का, हे आधी तपासावं. तिशी उलटली की शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता घटत जाते. व्यायाम न करणाऱ्यांत दर दशकाला साधारण दहा टक्के, नियमित करणाऱ्यांत त्याहून कमी. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होतात, स्नायू कमी होतात, कठीण व्यायामानंतर सावरायला जास्त दिवस लागतात. हे कुणाला चुकत नाही. जगभरच्या प्रौढ खेळाडूंच्या कामगिरीवरून वयानुसार वेळेचे तक्ते तयार केलेले आहेत. ते लावून बघितले तर शेचाळीस ते त्रेपन्न या काळात अण्णांचा वेळ पाच-सात मिनिटांनी वाढणं समजू शकतं. त्यांचा वाढला होता एकोणीस मिनिटांनी. मग उरलेली मिनिटं कुणाची? रात्री बारापर्यंत ऑर्डरी आणि साडेचारला गजर. सुजलेला गुडघा. आठवड्यातला प्रत्येक दिवस शर्यतीसारखा पळणं, कारण प्रत्येक दिवशी लाल गोल चुकवायचा. म्हणजे अण्णा वयावर रागावले होते, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वयाचं नव्हतंच.

हे ऐकून ते खूश झाले. लगेच म्हणाले, ‘म्हणजे परत एक बावन्न येईल.’ मी म्हटलं, नाही. तो आकडा गेला. खोली बराच वेळ शांत होती. गेलेल्या आकड्याचं दुःख होऊ शकतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही असं माझं ठाम मत आहे. माणसाने आयुष्यात एकच गोष्ट पूर्णपणे स्वतःच्या मेहनतीने मिळवलेली असेल, वडिलोपार्जित नाही, वशिल्याची नाही, तर ती जाताना लागणारच.

मग मी त्यांना त्या मुंबईच्या शर्यतीबद्दल विचारलं. पेडर रोडचा चढ, फुटपाथवरून संत्र्याच्या फोडी देणारी एक आजी, पुढे पळणाऱ्या अनोळखी माणसाच्या बनियनवरचं घामाचं ठिगळ... अण्णा सांगतच राहिले. त्यानंतर विचारलं, ‘आणि यंदाची?’ त्यांना काहीच सांगता येईना. ‘घड्याळ बघत होतो ओ सगळा वेळ.’ वेग कमी झाला हे एक नुकसान. त्या सगळ्या पहाटा त्यांच्या हाती लागल्याच नाहीत, हे दुसरं.

वडिलांचा विषय चौथ्या-पाचव्या भेटीत निघाला. वडील पैलवान, येळ्ळूर भागातले. ऐन भरात नाव होतं. तिशीनंतर लंगोट सुटला, तालीमही सुटली. खुराक मात्र सुटला नाही. दूध, तूप, बदाम तेच, घाम नाही. पुढे साखर, पायाची जखम, आणि शेवटची बारा-पंधरा वर्षं देवळाच्या कट्ट्यावर बसून त्याच चार कुस्त्या सांगणं. गावातली पोरं त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायची. लहानपणी अण्णांनी ती पाहिली होती. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी बूट घेतले. ‘एक बावन्न, एक बावन्न करत मी पण कट्ट्यावर बसणार काय?’ असं ते म्हणाले तेव्हा इडलीच्या टेबलावरचा तो विनोद इतका का लागला ते समजलं.

ग्रुपमधल्या मोठ्यांनी मध्यस्थी केली होती. ‘अण्णा, तुम्ही आता वस्ताद व्हा, पोरांना तयार करा.’ सल्ला चांगल्या मनाचा, पण अण्णा उसळले. ‘वस्ताद म्हणजे आखाड्याच्या बाहेर उभं राहायचं. मला पळायचंय.’ मला ते बरोबर वाटलं. मध्यमवयीन माणसाला ‘मार्गदर्शक’ करून बाजूला बसवायची आपल्याकडे घाई असते. एकदा त्यांनी स्वतःच लेथचा, म्हणजे धातू कातायच्या मशीनचा, दाखला दिला. बेड झिजला की बारीक कट घ्यायचा, फीड कमी ठेवायचा, जॉब होतोच. मला वाटलं, चला, सापडलं. तर पुढच्याच वाक्यात म्हणाले, ‘पण मशीनला नवीन पार्ट मिळतोय मॅडम.’

फौजा सिंगांचे व्हिडिओ त्यांना रोज कुणीतरी पाठवत असे. पन्नाशीतल्या माणसाला हे फॉरवर्ड फटक्यासारखे बसतात: बघा, शंभरीत मॅरेथॉन, आणि तुम्ही? त्यातला एक तपशील मी अण्णांना दाखवला. फौजा सिंगांनी २००३ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन ५ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. २०११ मध्ये त्याच शहरात, शंभराव्या वर्षी म्हणून गाजलेल्या शर्यतीत, त्यांना आठ तासांहून जास्त लागले. (जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजने तो विक्रम नोंदवला नाही, हेही फॉरवर्डमध्ये नसतं.) म्हणजे त्यांचाही वेळ आठ वर्षांत अडीच तासांनी वाढलाच. अण्णांनी हा हिशेब रजिस्टरच्या मागच्या पानावर करून बघितला.

फिजिओथेरपिस्टने पळायची परवानगी दिल्यावर आमचं एक ठरलं. महिनाभर घड्याळ घरी; बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं; आल्यावर वहीत वेळेच्या रकान्यात एक ओळ, काय दिसलं ते. अण्णांना हे पोरखेळ वाटलं. पहिल्या नोंदी तशाच आहेत: ‘झाड दिसलं.’ ‘कुत्रं दिसलं.’ ‘तेच कुत्रं.’ तिसऱ्या आठवड्यात एक नोंद आहे: ‘राकसकोप रस्ता. धुकं. बैलगाडीवाला म्हणाला, बसा मागे. बसलो नाही. पण हसलो.’ व्यायामाच्या दिवशी भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका असायच्या. त्यावर त्यांची तक्रार: ‘शेवटी बाबांच्या बैठकाच काढायला लावल्या.’

सगळं जागेवर आलं असं नाही. घड्याळ महिना संपायच्या आधीच हातावर परत आलं. ग्रुपमध्ये ते पुन्हा गेले, पण त्या पोराशी अजून जेवढ्यास तेवढं आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो. रविवारची शिनोळी बंद झाली. आता सुळग्यापर्यंतच, आणि आठवड्यातून तीनच दिवस पळणं. खानापूरच्या लग्नाचं वहिनी अजून काढतात, आणि काढू देत.

पुढच्या शर्यतीसाठी दहा किलोमीटर बरं, असं मी सुचवलं होतं. त्यांनी अर्धी मॅरेथॉनच भरली. मग वहिनींच्या समोर अटी लिहून घेतल्या: गोळी नाही, सूज आली तर जिथे असेल तिथे थांबायचं, आणि आदल्या रात्री दहाला दिवा बंद. त्याखाली दोघांच्या सह्या. शर्यत त्यांनी पूर्ण केली. किती वेळ लागला ते फोन करून सांगितलंही, पण इथे लिहीत नाही. ग्रुपमधली पोरं हे वाचतात.