पायांची आग

पोरी,

परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून गप्प बसले. ‘पेशंट विचारतोय, गांजाने पायांची आग थांबते का? मस्त झापलं त्याला,’ म्हणालीस. झापायला नको होतंस. आता तो तुला खरं सांगायचा नाही.

मी एचआयव्हीच्या सेंटरवर लागले तेव्हा एआरटीत, म्हणजे विषाणू दाबणाऱ्या औषधांत, स्टॅव्हुडीन असायचं. विषाणू आटोक्यात यायचा, पण पायांच्या नसा बिघडायच्या. एक ट्रकवाला बाकावर बसला की आधी चपला काढायचा आणि तळवे गार फरशीला टेकवून ठेवायचा, भर डिसेंबरात. रात्री पायांवर चादरसुद्धा सहन व्हायची नाही त्याला. तो गांजा ओढतो हे मला दोन वर्षांनी कळलं, कारण मीही तेव्हा झापणाऱ्यांतलीच.

आराम पडतो म्हणायचा, ती थाप नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत मेरी रॅथबन नावाची आजीबाई एड्सच्या पेशंटना गांजा घातलेल्या ब्राउनी करून वाटायची. मळमळ थांबून चार घास पोटात जावेत म्हणून. अटक झाली तरी थांबली नाही. तिथेच डॉ. डोनाल्ड एब्रम्स यांनी नसांच्या दुखण्यावर अभ्यास केला, तो २००७ साली छापून आला. पन्नास पेशंट, पाच दिवस. गांजा ओढणाऱ्यांचं दुखणं ३४ टक्क्यांनी उतरलं, औषधी अंश काढून टाकलेला गांजा ओढणाऱ्यांचं १७ टक्क्यांनी. म्हणजे फरक पडतो. पण पाच दिवसांवरून जन्माचा हिशेब मांडता येत नाही. आणि विषाणूवर तो इलाज नाही, हे त्याला स्पष्ट सांग.

आता स्टॅव्हुडीन गेलं. मग याच्या पायांची आग कशाने, हे आधी शोध. टीबीसाठी आयसोनियाझिड चालू आहे का? त्यानेही नसा बिघडतात. सोबत बी-६ जीवनसत्त्वाची गोळी घेतो की ‘ती ताकदीची’ म्हणून टाकून देतो? शुगर कधी तपासली? दारू किती? उत्तरं मिळाली की डॉक्टरांच्या कानावर घाल.

गांजा आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, हेही सांग. धाक घालायला नको, पण कोठडीत गेला तर डोस चुकतील. टीबी होऊन गेलेल्या छातीला धूर नको, तेही सांग. नशेत रात्रीची गोळी राहते का, हे मात्र सहज बोलता बोलता विचार.

पुढच्या वेळी आला की चपला काढायला लाव आणि तळवे स्वतः बघ.

तुझी,
ताई